पुन्हा आखलेला नकाशा

आज १ नोव्हेंबर. १९५६ साली याच दिवशी भारताने आपला अंतर्गत नकाशा पुसला आणि नव्याने आखला. इंग्रज जसजसे मुलूख जिंकत गेले तसतसे प्रांत बांधत गेले होते आणि संस्थाने जशी विलीन झाली तशी ती त्यांना जोडली गेली होती. ती सगळी मांडणी मोडून १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश उभे राहिले. केरळ, कर्नाटक, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश यांचा आज स्थापना दिन असतो. पुढे १९६६ साली हरियाणा आणि २००० साली छत्तीसगड याच तारखेला जन्मले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या दिवशी द्विभाषिक मुंबई राज्य आले. आपला सण १ मेचा, त्यामुळे आजची तारीख आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. ती ध्यानात ठेवावी असे आम्हाला वाटते. इतक्या भाषा, इतके वंश, इतके प्रांत असलेला देश एकत्र कशामुळे राहतो, या प्रश्नाचे आजवर मिळालेले सर्वांत ठोस उत्तर या तारखेशी जोडलेले आहे.

तेव्हाचे भय आधी समजून घेतले पाहिजे. फाळणीला दहा वर्षेही झाली नव्हती. धर्माच्या नावाने देश तुटलेला पाहिलेल्या पिढीला भाषेच्या नावाने दुसरी फाळणी होईल अशी धास्ती होती आणि ती निराधार नव्हती. भाषावार प्रांतरचनेचे वचन काँग्रेसनेच दिले होते. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर पक्षाच्या प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधल्या गेल्या होत्या. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ मध्ये दार आयोगाने भाषावार प्रांतांच्या विरोधात कौल दिला. त्यानंतर खुद्द जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही हा प्रश्न तूर्त पुढे ढकलावा असे सांगितले. ही माणसे क्षुद्र बुद्धीची नव्हती. देश टिकवण्याची काळजी वाहणारेच भाषेला सर्वांत अधिक घाबरत होते.

मग पोट्टी श्रीरामुलू यांनी १९ ऑक्टोबर १९५२ रोजी मद्रासमध्ये उपोषण आरंभले. मागणी तेलुगू भाषकांच्या राज्याची. १५ डिसेंबरच्या रात्री त्यांचा अंत झाला, तेलुगू मुलूख पेटला आणि चारच दिवसांत नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्नूल राजधानी असलेले आंध्र राज्य झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. एका माणसाचा जीव जाईपर्यंत सरकारने वाट पाहिली, हा त्या इतिहासातला काळा भाग आहे. पण देशाच्या पंतप्रधानाने आपले पक्के मत बाजूला ठेवून लोकांचे म्हणणे मान्य केले, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग आहे. आमच्या मते या देशाच्या ऐक्याची खरी घडण तिथे सुरू झाली.

हे किती मोलाचे होते, हे त्याच १९५६ साली आपल्या दोन शेजाऱ्यांनी काय केले ते पाहिल्यावर कळते. श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, सॉलोमन बंदरनायके यांच्या सरकारने त्या वर्षी जूनमध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा केला. तमिळ जनतेचे नेते चेल्वनायकम तेव्हा वेगळा देश मागत नव्हते, संघराज्य मागत होते. १९५७ मध्ये बंदरनायके यांनी त्यांच्याशी प्रादेशिक परिषदांचा करार केला. पण भिक्खूंनी त्यांच्या घरासमोर ठाण मांडल्यावर १९५८ च्या एप्रिलमध्ये तो करार मोडला आणि पुढच्याच महिन्यात दंगली उसळल्या. संघराज्य मागणाऱ्या तमिळ पक्षांनी १९७६ साली स्वतंत्र देशाचा ठराव केला. १९८३ ते २००९ हा त्यानंतरचा यादवी युद्धाचा रक्तबंबाळ काळ साऱ्या जगाला ठाऊक आहे. श्रीलंकेचे दुःख असे की १९५७ चा तो करार फार मोठे काही देत नव्हता. तेवढे दिले असते तरी एका पिढीचे आयुष्य वाचले असते.

पाकिस्तानने १९५६ च्या राज्यघटनेत उर्दूबरोबर बंगालीलाही राज्यभाषा मानले, हे खरे. ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्यानंतर चार वर्षांनी आलेले हे शहाणपण. पण त्याच सुमारास पश्चिमेकडचे पंजाब, सिंध, सरहद्द आणि बलुचिस्तान हे सगळे प्रदेश एका प्रांतात कोंबले गेले, जेणेकरून लोकसंख्येने मोठ्या असलेल्या पूर्व बंगालला संसदेत बरोबरीपलीकडे जाता येऊ नये. भाषा दिली, पण मोजणीत वजन दिले नाही. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या आणि राष्ट्रीय बहुमत मिळवले. ती संसद कधी भरलीच नाही. लष्कर रस्त्यावर आले आणि १९७१ साल संपण्याआधी बांगलादेश झाला.

भारताला एक गोष्ट निसर्गतः अनुकूल होती, ती मान्य केली पाहिजे. इथे कोणत्याच एका भाषेचे निर्विवाद बहुमत नाही. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या भाषा १२१ निघाल्या, आणि अनेक बोली पोटात घेऊनही हिंदीचा वाटा ४३.६ टक्के होता. सिंहलींसारखे एकट्याच्या बळावर राज्य करण्याचे गणित इथे कोणालाच जुळत नाही. तडजोड हा आपल्यासाठी सद्गुणाइतकाच व्यवहार आहे. तरीही व्यवहार कळायला शहाणपण लागते, आणि ते दरवेळी सुचतेच असे नाही.

१९६५ साली ते जवळजवळ हुकले होते. घटनेने इंग्रजीला दिलेली पंधरा वर्षांची मुदत त्या वर्षी २६ जानेवारीला संपत होती. मद्रास राज्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, काहींनी स्वतःला जाळून घेतले, गोळीबारात माणसे मेली. केंद्रातले सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री स्वतः हिंदीचे पुरस्कर्ते. पण फेब्रुवारीत आकाशवाणीवरून त्यांनी अहिंदी राज्यांना हवी असेल तोवर इंग्रजी राहील असे आश्वासन दिले आणि १९६७ च्या कायद्याने ते पक्के झाले. त्याच वर्षी द्रविड मुन्नेत्र कळघमने मद्रासमध्ये काँग्रेसला सत्तेवरून दूर केले. या पक्षाचे नेते अण्णादुराई यांनी १९६२ साली राज्यसभेतल्या आपल्या पहिल्याच भाषणात द्रविडांसाठी स्वयंनिर्णय मागितला होता. काही महिन्यांत चीनचे आक्रमण झाले, तेव्हा त्यांनी ती मागणी बाजूला ठेवली आणि १९६३ मध्ये पक्षाने ती सोडून दिली. वेगळ्या देशाची भाषा बोलणारा नेता भारतीय राज्यघटनेची शपथ घेऊन मुख्यमंत्री झाला आणि १९६९ च्या पोंगलला त्याने आपल्या राज्याला तमिळनाडू हे नाव दिले. आज तमिळनाडूत फुटून निघण्याची भाषा कोणी गंभीरपणे बोलत नाही. ती तुरुंगांनी संपवली नाही. आपल्या भाषेला इथे मान आहे आणि मतपेटीतून दिल्लीला वाकवता येते, हा अनुभव आल्यावर ती उरलीच नाही.

मिझोरामची कथा याहून कठीण आहे आणि आपल्याकडे ती फार कमी सांगितली जाते. १९५९ मध्ये तिथल्या डोंगरांतला बांबू फुलला, उंदरांची संख्या बेसुमार वाढली, त्यांनी पिके फस्त केली आणि दुष्काळ पडला. तेव्हा तो आसामचा एक जिल्हा होता आणि शिलाँगच्या सत्तेला त्या हाकेची तीव्रता कळली नाही. दुष्काळात मदत करण्यासाठी निघालेल्या संघटनेचा पुढे मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष झाला. त्याचे नेते लालडेंगा यांनी १ मार्च १९६६ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. चारच दिवसांनी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर, म्हणजे आपल्याच देशाच्या शहरावर हल्ला केला. त्यानंतर गावेच्या गावे उठवून लष्करी पहाऱ्यातल्या वसाहतींत नेली गेली. ज्यांनी ते भोगले त्यांच्या नातवंडांनाही ते आठवते. इतके झाल्यावर कोणी परत येईल अशी आशा धरणे वेडेपणाचे वाटावे.

तरी ३० जून १९८६ रोजी करार झाला. त्या वेळचे काँग्रेसचे मुख्यमंत्री ललथनहवला यांनी खुर्ची सोडली, ते उपमुख्यमंत्री झाले आणि लालडेंगा मुख्यमंत्री. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम पूर्ण राज्य झाले. घटनेत ३७१ ग हे कलम आले. मिझोंच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी याविषयीचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. जंगलात लालडेंगांबरोबर राहिलेले झोरमथंगा पुढे निवडणूक जिंकून मुख्यमंत्री झाले, हरले, पुन्हा जिंकले, पुन्हा हरले. बंडखोराने निवडणूक हरून घरी जाणे, ही आमच्या दृष्टीने या देशाच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे. ललथनहवलांच्या त्या एका निर्णयाची आठवण शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

यावर एक सबळ आक्षेप येतो. सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया यांनीही भाषा-वंशांना स्वतःची प्रजासत्ताके दिली होती. सोव्हिएत घटनेत तर फुटून निघण्याचा हक्कही लिहिलेला होता. ते देश तुटले. तेव्हा वेगळे राज्य देणे म्हणजे ऐक्याची हमी नव्हे, हे कबूल केले पाहिजे. फरक मतदानाच्या सवयीत आहे. युगोस्लाव्हियात १९९० साली पहिल्या बहुपक्षीय निवडणुका झाल्या त्या एकेका प्रजासत्ताकात. साऱ्या देशाची अशी निवडणूक झालीच नाही. त्यामुळे साऱ्या देशासाठी बोलणारा, सगळीकडे मते मागणारा पक्ष उभा राहण्याआधीच प्रत्येक प्रदेशाचे अभिमानी नेते निवडून आले होते. भारतात उलट घडले. १९५१-५२ च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची यादी झाली, त्यांतले बहुसंख्य निरक्षर होते, आणि त्यांनी राज्यांचा नकाशा बदलण्याआधी एकाच संसदेसाठी मत दिले. आधी सगळ्यांचे मिळून एक घर आणि मग प्रत्येकाची खोली, असा तो क्रम होता.

आपला स्वतःचा अनुभवही तसाच आहे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला गेला तेव्हा महाराष्ट्राने शंभरावर हुतात्मे दिले. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. पण त्या संतापाला संयुक्त महाराष्ट्र समितीने मतपेटीची वाट दाखवली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ अशा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांना एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार यांनी एका व्यासपीठावर आणले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. त्या नोव्हेंबरात पंतप्रधान प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेवर हजारो लोक काळे झेंडे घेऊन शिस्तीत उभे होते. १ मे १९६० ला राज्य मिळाले. अडीच वर्षांनी चीनच्या युद्धात हरलेल्या देशाचे संरक्षण खाते सांभाळायला याच राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचा अभिमान मराठी माणूस आजही बोलून दाखवतो. पंतप्रधानांना काळे झेंडे दाखवणारा आणि हा अभिमान बाळगणारा माणूस एकच होता. त्याला दोन निष्ठांत निवड करावी लागली नाही, कारण एकीचा मान राखला गेल्यानेच दुसरी बळकट झाली होती.

पुढे १९६७ च्या जानेवारीत गोव्याच्या जनमत कौलात बहुसंख्य गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. अंतर होते सुमारे ३४ हजार मतांचे. महाराष्ट्रात अनेकांना ते लागले. पण जो न्याय आपण दिल्लीकडे मागितला, तोच गोव्याने आपल्याकडे मागितला होता. आज गोव्यात मराठीवर प्रेम करणाऱ्यांची वाण नाही, ती त्या कौलाचा मान राखल्यामुळेच.

जिथे शब्द मोडले गेले तिथली स्थितीही सांगितली पाहिजे. पंजाबी सुभ्याची मागणी वर्षानुवर्षे अडवली गेली, १९६६ मध्ये ती मान्य झाली तरी चंदीगड आणि नद्यांचे पाणी लटकतच राहिले. १९८५ च्या पंजाब करारानुसार पुढच्या प्रजासत्ताक दिनी चंदीगड पंजाबला मिळायचे होते. ते आजही मिळालेले नाही. मधल्या काळात पंजाबने काय सोसले ते आपण पाहिले आहे. काश्मीरमध्ये १९८७ च्या निवडणुकीतील गैरप्रकारांनी तरुणांचा मतपेटीवरचा विश्वास उडाला. त्या निवडणुकीत उमेदवार किंवा मतदान प्रतिनिधी असलेले काही जण पुढे बंदुकीकडे वळले. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी एकमेकांच्या वस्त्यांत पाऊल ठेवू शकेनासे झाले, अडीचशेहून अधिक माणसे मेली आणि सुमारे साठ हजार बेघर झाली. मणिपूरकडे उर्वरित देशाने इतका काळ पाठ फिरवली, याची आम्हाला मनापासून लाज वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिलेले पुस्तक आज पुन्हा उघडायला हवे. एका राज्याची एक भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असलेच पाहिजे असे नाही, ही त्यांची भूमिका होती. तेलंगणाने २०१४ मध्ये ती खरी करून दाखवली. उत्तरेकडची राज्ये अवाढव्य आणि दक्षिणेकडची लहान राहिली तर देशाचा तोल जाईल, असा इशारा त्यांनी दिला आणि उत्तर प्रदेशाची तीन राज्ये करावीत असे सुचवले. आयोगातल्या पणिक्करांनीही उत्तर प्रदेशाच्या विभाजनासाठी वेगळी टिपणी जोडली होती. कोणी ऐकले नाही. आज लोकसभेच्या ५४३ पैकी ८० जागा एकट्या उत्तर प्रदेशाच्या आहेत, आणि त्याही १९७१ च्या जनगणनेवर. १९७६ साली आणि पुन्हा २००१ साली घटनादुरुस्तीने राज्यांमधले हे वाटप गोठवले. ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. ज्या दक्षिणी राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांचे संसदेतले वजन केवळ त्यामुळे घटणार असेल, तर १९५६ नंतरची ही सर्वांत मोठी परीक्षा आहे. एक माणूस, एक मत हे तत्त्व सोडता येत नाही. राज्यांना दिलेला विश्वासही मोडता येत नाही. राज्यसभेला खऱ्या अर्थाने राज्यांची सभा करणे, जागांचे प्रमाण आणखी काही काळ राखणे, मोठ्या राज्यांचे विभाजन करणे, असे मार्ग मोजणीआधी, राज्यांना समोर बसवून, त्यांच्या संमतीने ठरले पाहिजेत. लोकसभेतल्या बहुमताच्या जोरावर हा निर्णय रेटला गेला, तर पाकिस्तानने पूर्व बंगालच्या वजनाशी खेळताना जी चूक केली, तिच्याच जातीची चूक आपल्या हातून होईल.

बाबासाहेबांची दुसरी चिंता राज्यांच्या आतली होती. भाषिक राज्यात तिथला मोठा समाज लहानांना दडपेल, ही ती चिंता. आज कर्नाटक राज्योत्सव साजरा करत असताना बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले अनेक मराठी भाषक काळ्या फिती लावून फेऱ्या काढतात. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमचे मत स्पष्ट आहे की बेळगावच्या मराठी माणसाची मागणी न्याय्य आहे. पण निकाल कोणाच्याही बाजूने लागो, सीमेच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या भाषेची माणसे राहणारच. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर इथले कन्नड भाषक आपलेच नागरिक आहेत. त्यांच्या कन्नड शाळांना वेळेवर शिक्षक आणि पुस्तके देणे हे आपले काम आहे. मराठीवर तिसऱ्या भाषेची सक्ती नको म्हणून आपण २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय मागे घ्यायला लावले. जे आपल्याला नको वाटले ते इतरांवर लादण्याचा आपल्यालाही हक्क नाही.

राज्य पुनर्रचनेच्या वेळच्या त्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, आणि जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे निकषही कधीच ठरलेले आहेत. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी एकत्र बसून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या तालुक्यांची यादी करावी, प्रत्येक शाळेतली शिक्षकांची रिक्त पदे जाहीर करावीत आणि येत्या जूनपर्यंत ती भरावीत. पंचायत समितीत किंवा तालुका पंचायतीत अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेतला कागद मिळावा. यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. १९५६ पासून घटनेत असलेले कलम पुरेसे आहे.